सफेद्यापासून संगणकापर्यंत

आमच्या अंबरनाथच्या गणेशोत्सवातल्या नाटकांत विशीतला आजोबा हमखास टाळ्या घ्यायचा. कानशिलांवर सफेदा, कपाळावर काळ्या पेन्सिलीच्या तीन आडव्या रेघा, स्पिरिट गमने चिकटवलेली क्रेपची मिशी. दुसऱ्या अंकात घामाने मिशीचं एक टोक सुटायचं आणि आजोबा ते बोटाने दाबून धरत नातीची पाठवणी करायचे. पुढच्या रांगेतल्या बायका तरीही पदर डोळ्यांना लावत. तरुणाला म्हातारा करायचं एवढंच तेव्हा रंगभूषेचं काम. उलटी करामत फोटो स्टुडिओवाल्याकडे, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून. तीही बहुधा स्थळाला पाठवायच्या फोटोपुरती.

सिनेमासाठी व्हीसीआर उल्हासनगरहून भाड्याने यायचा. त्या गावाची ‘मेड इन यूएसए’ची, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनची, ख्याती अशी की कॅसेटवरचं नाव आणि आतला पिक्चर जुळला तर नशीब म्हणायचं. ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ असाच एका जागरणात पाहिला. 1984चा हा सिनेमा. भारतात शूटिंग जमलं नाही म्हणून श्रीलंकेत केलेला, वर आपल्याकडे काही काळ बंदी. या सिनेमासाठी अमरीश पुरींनी डोकं खरोखरच भादरून घेतलं होतं. खाणीतल्या गाड्यांच्या पाठलागात मात्र छोट्या प्रतिकृती आणि बाहुल्या सर्रास वापरल्या होत्या. आम्हाला पत्ताही लागला नाही. कॅसेट इतकी घासलेली की खरं-खोटं सगळं सारखंच मुंग्यांनी भरलेलं!

2023 साली त्याच मालिकेतला ‘डायल ऑफ डेस्टिनी’ आला तेव्हा इंडियाना जोन्स झालेला हॅरिसन फोर्ड ऐंशीचा. सुरुवातीचा मोठा भाग 1944 सालातला, म्हणून इंडी तरुण हवा. फोर्डने काम स्वतःच केलं, चेहऱ्यावर ठिपके लावून. मग तंत्रज्ञांनी लुकासफिल्मच्या जुन्या रिळांतून त्याचे त्याच कोनातले, तशाच उजेडातले चेहरे धुंडाळले आणि संगणकाच्या मदतीने म्हाताऱ्या चेहऱ्यावर बसवले. चेहरा जमलाय, नावं ठेवायला जागा नाही. पण तोंड उघडलं की घशातून ऐंशीचा माणूस बोलतो. मला तो आवाजच जास्त आवडला, हे आपलं जाता जाता.

आता तरुण व्हायला हॉलिवूडला जावं लागत नाही. बदलापूर स्टेशनाबाहेरचे वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. साठीचे साहेब पस्तिशीचे, गाल गुळगुळीत, डोळ्यांखालची वर्तुळं गायब. खालच्या ओळीतले शुभेच्छुक कार्यकर्तेच त्यांच्याहून थोराड दिसतात.

हसू येतं ते इथवर. दिग्दर्शक महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला 3’मध्ये एआयच्या मदतीने लक्ष्याला आणण्याचं बोलून दाखवलं, तेव्हा मी जरा थबकलो. लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, 2004च्या डिसेंबरात गेले. फोर्डच्या तरुण चेहऱ्याखाली निदान फोर्ड तरी होता. इथे खाली कोण? 1993च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू रामदास पाध्यांचा बोलका बाहुला. तो जिवंत वाटायचा त्यात पाध्यांच्या हाताइतकाच वाटा लक्ष्याच्या घाबरण्याचा. डोळे विस्फारायचे, शब्द अडकायचा, अर्धा क्षण काहीच नाही, आणि मग बोंब. त्या अर्ध्या क्षणात आमचं अख्खं थिएटर तात्याला घाबरायचं. आता बाहुला व्हायची पाळी लक्ष्याची. त्याच्यासमोर तितकं खरं घाबरणारं माणूस कुठून आणणार?