सव्वाचार इंचांचं होल आणि अख्खा पावसाळा

लोणावळ्यात ‘सेकंड होम’ घेतलं की पहिल्या वर्षी बार्बेक्यू येतो, दुसऱ्या वर्षी झोपाळा. तिसऱ्या वर्षी मागच्या अंगणाचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. लॉन लावावं तर सोमवार ते शुक्रवार पाणी कोण घालणार? स्विमिंग पूल म्हणजे ईएमआयवर आणखी एक ईएमआय. अशा वेळी बॉसबरोबर दोन-चारदा गोल्फ खेळून आलेल्या मंडळींना भन्नाट कल्पना सुचते : आपल्याच अंगणात पटिंग ग्रीन! तेही कृत्रिम हिरवळीचं. ना खत, ना माळी, ना कापणी.

कल्पना अगदीच वेडी नाही. गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लांबच लांब मारलेला फटका. पण पार-७२ कोर्सचं गणित मांडताना प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. १८ होल, ३६ पट. म्हणजे निम्मा खेळ ग्रीनवरच! आणि त्याच्या सरावाला १० बाय २० फुटांची जागा पुरते. खरं ग्रीन घरी सांभाळणं मात्र कठीण. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापून ठेवावं लागतं. लोणावळ्याच्या जून ते सप्टेंबरच्या ओल्या, बिनउन्हाच्या दिवसांत बुरशीची चंगळच.

माझ्या एका मित्राचा बंगला कुरवंड्याच्या बाजूला आहे. पलीकडे नागफणीचा कडा, खाली भातखाचरं आणि पावसाळ्यात न विचारता अंगणात शिरणारं धुकं. त्याच्या ग्रीनच्या कामावर मी बऱ्याच शनिवारी हजेरी लावली (निमित्त अर्थातच कांदाभजी). तिथे एक गोष्ट कळली. हिरवं कार्पेट अंथरणं हा या कामाचा सगळ्यात सोपा, शेवटच्या दिवसाचा भाग. खरं काम त्याच्या खाली असतं. आणि घाटमाथ्यावर त्या कामाचं नाव एकच : पाणी.

तीस टँकरचा हिशोब

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. मित्राचा पहिला प्लॅन होता २० बाय ४० फुटांचा. तेवढ्या जागेवर एका पावसाळ्यात जवळपास तीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर!

हे पाणी आधीही पडतच होतं. पण ते गवतातून पसरत, मुरत, सावकाश उतरायचं. शहरातून आलेल्या कॉन्ट्रॅक्टरचा बेत वेगळा होता. डोंगराच्या बाजूने पाच फुटांचं कटिंग, खाली काँक्रीटचा स्लॅब, वर टर्फ आणि सगळं पाणी एका पाइपातून कुंपणाबाहेर. विषय संपला.

संपला नाही. कारण कुंपणाच्या खाली, दोन बांध सोडून, कामावरच्या गवंडीमामांचं खाचर होतं. मामांनी वाद घातला नाही. ‘साहेब, तुमचा पाइप माझ्या रोपांवर सुटतोय,’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा दगड घडवायला बसले.

तो वीकेंड चर्चेतच गेला. ड्रॉइंग तयार होतं, अ‍ॅडव्हान्स दिलेला होता. दुसऱ्या बाजूला मामांचं वर्षभराचं भात. शिवाय उभ्या कटिंगचा मुद्दा होताच. भिजलेला उतार किती बेभरवशाचा असतो, हे माळीणने जुलै २०१४ मध्ये आणि इर्शाळवाडीने जुलै २०२३ मध्ये सगळ्यांना दाखवलंय. उताराचा पाय कापणं म्हणजे त्याचा आधार काढून घेणं. सोमवारी मित्राने कॉन्ट्रॅक्टरला फोन करून स्लॅब रद्द केला.

कार्पेटच्या खाली

नवीन ग्रीन १० बाय २० फुटांचं झालं. लांब बाजू उताराला आडवी घेतली, त्यामुळे कटिंग दोन फुटांवर आलं. वरच्या कडेला दगडगोट्यांचा चर खणला. डोंगरावरून येणारं पाणी ग्रीनवर न येता तिथूनच जुन्या ओहोळाकडे वळतं. खालच्या बाजूला मामांनी सिमेंटशिवाय गडगा रचला. भिंतीमागे पाणी तुंबत नाही, फटींतून झिरपतं.

मधल्या जागेत वरची माती काढून जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर सहा इंच खडी, तिच्यावर दोन इंच क्रशरची डस्ट. प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने ठोकलेला. उतार अवघा दोन टक्के, म्हणजे वीस फुटांत जेमतेम पाच इंच. डोळ्यांना दिसत नाही, पण बॉल बरोब्बर ओळखतो! टर्फच्या पाठीला भोकं असतात आणि सव्वाचार इंच व्यासाच्या कपलाही खालून पाणी जायला वाट ठेवावी लागते. नाहीतर जुलैत होलमध्ये बेडूक राहायला येतात. शेवटी पात्यांमध्ये बारीक सिलिका वाळू ब्रशने भरायची. बॉल किती वेगाने घरंगळणार, ते तीच ठरवते.

आता खरं सांगायचं तर हे ‘ग्रीन’ दिसतं हिरवं, आहे प्लास्टिक. एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा, चटका बसेल. पावसात त्यावरही शेवाळ धरतं. आणि कधीतरी जीर्ण झालं की त्या गुंडाळीचं काय करायचं, याला सोपं उत्तर नाही. म्हणून मोठ्यापेक्षा छोटं बरं.

पहिल्या पावसाळ्यात मुसळधार सर थांबली की काही मिनिटांत ग्रीन खेळायला तयार असायचं. खाली मामांची रोपंही जागच्या जागी होती. मित्राचं पटिंग? त्यावर न बोललेलंच बरं.

करायचंच असेल तर...

* टर्फच्या सॅम्पलआधी खालच्या थरांचं कोटेशन मागा.
* कटिंग मोठं असेल तर इंजिनीअर आणि परवानगी, दोन्ही हवेत.
* पाणी कुठून येतं याइतकंच कुठे जातं, तेही बघा. तिथे कोणीतरी राहतं.
* जागा ठरवायला डिसेंबरच्या गुलाबी थंडीत जाऊ नका. जुलैत जा, छत्री घेऊन. डोंगर स्वतःच सगळा प्लॅन समजावून सांगतो.