जांभळा रंग

संगणकजाळ्यांवर नजर ठेवणाऱ्या 'बिग ब्रदर' या प्रणालीने ऑर्वेलच्या '1984'मधून नाव घेतले. तिच्याच धर्तीवरची 'हॉबिट' पुढे 'झायमॉन' झाली. तिच्या फलकावर हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, तांबडा म्हणजे संकट. मला मात्र जांभळा अस्वस्थ करतो. ठरल्या मुदतीत, एरवी 30 मिनिटांत, वार्ताच आली नाही, असा त्याचा अर्थ. मौन येथे हिरव्यात मिसळत नाही. परंतु एखादा रंग वरच्या पानापर्यंत पोहोचू न देण्याचीही सोय आहे. पिवळा असा रोखला, की मुखपृष्ठ हिरवे दिसते आणि इशारा आत तसाच राहतो. म्हणून फलकाचे रंग ठरवताना मी स्वतःला विचारतो: गोंगाट कमी होतो आहे, की साक्ष पुसली जाते आहे? निवडक वाङ्मयाच्या संपादकाला तरी याहून वेगळे काय विचारावे लागते?