मीटरच्या काचेतली वाफ

आजची नोंद पिकाची नाही, पण पहाटे गाडीवर माल बांधून निघणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

मी राहतो विठ्ठलवाडीत, शेत मलंगगडाच्या पायथ्याला. पावसाळ्यात भेंडी, शिराळी मोटरसायकलवरून कल्याणच्या बाजार समितीत नेतो. जुलै लागला की मीटरची काच आतून धुरकट होते. बाहेरून कितीही पुसा, फरक शून्य. पेट्रोलचा काटा दिसत नाही, स्पीड कळत नाही. मागे 60 किलो माल, रस्त्यात खड्डे आणि टाकीत किती उरलंय याचा अंदाज नाही, ही जोखीमच. गॅरेजवाला म्हणाला, "मीटरच बदला." नवा मीटर म्हणजे आठवडाभराच्या भाजीचे पैसे. म्हटलं, आधी कारण बघू.

मीटर हवाबंद नसतो, तो श्वास घेतो. उन्हात तापला की आतली हवा बाहेर जाते, पावसाने गार झाला की बाहेरची दमट हवा आत येते. 30 अंशाला एक घनमीटर हवेत साधारण 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशाला फक्त 17 ग्रॅम. जास्तीची वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे काचेवर बसते. पहाटे पानावर दव पडतं तसंच हे. जुन्या मीटरमधला पिवळा बल्ब थोडी ऊब द्यायचा. एलईडी तेवढी देत नाही, म्हणून वाफ रेंगाळते.

आता हिशेब बघा. मीटरमध्ये अर्धा लिटर हवा धरली, तर तिच्यात फार तर 15 मिलिग्रॅम पाणी. एक थेंबसुद्धा साधारण 50 मिलिग्रॅमचा असतो. म्हणून नुसता पातळ धूर असेल आणि गाडी चालवल्यावर जात असेल, तर ती हवेतली वाफ. पण थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी साचलं असेल, तर ते बाहेरून शिरलंय. तेव्हा काचेचा सांधा, खालचं रबर आणि केबलचं तोंड तपासायचं.

माझ्या मीटरमध्ये पातळ धूरच होता, पण तो दुपारपर्यंत जात नव्हता. खालचं बारीक छिद्र कुंभारीण माशीने मातीने लिंपलेलं निघालं! बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मीटर सोडवला, छिद्र मऊ ब्रशने साफ केलं, आणि मीटर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलसोबत दिवस-रात्र ठेवला. आता पहाटे कधी धूर येतो, पण दहा मिनिटं गाडी चालली की जातो.

काही सूचना:

• तांदळात ठेवू नका. 13-14 टक्के ओलाव्याचा तांदूळ आतली हवा 65-70 टक्के आर्द्रतेखाली फारशी नेत नाही. पावसाळ्यात तर तो स्वतःच ओल धरतो.
• सिलिका जेल आधी तव्यावर मंद आचेवर तापवून कोरडं करा. निळे दाणे असतील तर घरातला तवा वापरू नका, त्यात विषारी कोबाल्ट असू शकतो.
• छिद्र सिलिकॉनने बुजवू नका. आतली वाफ आतच कोंडते.
• उन्हात तापलेल्या गाडीवर लगेच पाण्याचा फवारा मारू नका. मीटर गार होताना पाणी आत ओढतो.
• गाडी वॉरंटीत असेल तर मीटर उघडू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.
• ओल तशीच राहिली तर सर्किटवर हिरवट गंज चढतो. मग खरंच मीटर बदलावा लागतो.

बियाण्याच्या कोठीतही हाच खेळ चालतो. दुपारी गरम बी भरून झाकण लावलं, रात्री पत्रा गार झाला, की झाकणाच्या आतून पाणी धरतं आणि वरचा थर बुरसतो. बी सावलीत निववून मगच भरा.

तुमच्या गाडीला ओघळणारे थेंब आहेत की पातळ धूर? कॉमेंटमध्ये कळवा.