'मासे खाल्ले आणि अंगावर पित्त उठलं': ही अ‍ॅलर्जीच असते का?

जन्मभर बांगडा-सुरमई खाणारी माणसं कधी कधी सांगतात, "डॉक्टर, मला आता मासे चालत नाहीत." तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो: त्रास झाला तो मासा आणला कुठून होता?

पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात, मॉलमध्ये किंवा कोपऱ्यावरच्या मिनी मार्केटमध्ये आता ट्यूना सँडविच, कोळंबीचं सॅलड, सुशीचा डबा, मसाला लावलेले माशांचे तुकडे सहज मिळतात. घाईच्या दिवशी ते सोयीचं वाटतं. शंका आलीच, तर आपण म्हणतो, "घरी नीट गरम करून घेतलं की झालं." माशाच्या बाबतीत एवढं पुरत नाही.

गरम करूनही का भागत नाही?

बांगडा, तारली, कुपा (म्हणजे ट्यूना) अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हा घटक भरपूर असतो. मासा पुरेसा गार राहिला नाही, तर जिवाणू त्यापासून हिस्टामीन बनवतात. अ‍ॅलर्जीमध्ये आपलं शरीर जे रसायन सोडतं, तेच हे. एकदा तयार झालेलं हिस्टामीन तळून, शिजवून किंवा पुन्हा गोठवूनही जात नाही. वासावरूनही ते दर वेळी कळत नाही. कधी जिभेला मिरीसारखं झोंबतं, एवढंच.

खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा आणि मान लाल होते, डोकं ठणकतं, धडधडतं, अंगावर गांधी उठतात, मळमळ किंवा जुलाब होतात. बहुतेकांना अ‍ॅलर्जीवरच्या गोळीनेच आराम पडतो, त्यामुळे "मला माशांची अ‍ॅलर्जी आहे" हा समज पक्का होतो. मग काहीजण आवडीचं, पौष्टिक अन्न विनाकारण कायमचं सोडतात.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा: मासा कोणता होता, कुठून घेतला आणि सोबत खाणाऱ्यांनाही त्रास झाला का. दोघा-तिघांना एकदमच त्रास झाला असेल, तर दोष माशात असण्याची शक्यता जास्त. पण निदान स्वतः करू नका. खरी अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. तपासणी होईपर्यंत तो मासा पुन्हा खाऊन पाहू नका.

इतर धोके

१९५० साली जपानमधल्या ओसाकात उकडून अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले, २० दगावले. त्या तपासात व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस हा जंतू सापडला. लिस्टेरिया हा दुसरा जंतू तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे किंवा न शिजवता धुरी दिलेले मासे टाळावेत.

विकत घेताना

- तारखेआधी फ्रीज पाहा. तापमान ५ अंशांच्या आत हवं. डबा हाताला गारेगार लागला पाहिजे.
- काउंटरवर मांडून ठेवलेले मासे घेऊ नका.
- पाकीट फुगलेलं, फाटलेलं किंवा गोठवलेल्या पाकिटात बर्फाचे मोठे खडे असतील तर ठेवून द्या. ते मध्येच वितळून पुन्हा गोठलं असू शकतं.
- दुकानात वीज जाऊन-येऊन असेल, तर त्या दिवशी मासे नकोतच.
- खरेदीच्या शेवटी मासे घ्या आणि थेट घरी जा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेले मासे टाकून द्या. कडक उन्हाळ्यात एक तासच धरा.

श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, घशात आवळल्यासारखं वाटणं, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काहीही झालं तर गोळी घेऊन वाट पाहत बसू नका. लगेच जवळचं रुग्णालय गाठा. जुलाबात रक्त असेल, ताप उतरत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उरलेलं पाकीट फेकू नका, सोबत आणा.