अप्पांचा उजवा पाय

कारचा एसी बिघडला की आपण त्याच दिवशी गॅरेज गाठतो. म्युझिक सिस्टिम अडकली तर कस्टमर केअरचं डोकं खातो. आणि ब्रेक? ‘बघू की पुढच्या सर्व्हिसिंगला!’ हे वाक्य मी स्वतः दोन महिने म्हणत होतो, म्हणून इतक्या खात्रीनं सांगतोय.

सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हाच सांगण्यात आलं होतं, ‘सर, पुढचे पॅड आणि डिस्क, दोन्ही बदलावे लागतील.’ मला ऐकू आलं, ‘सर, तुमचा खिसा कापायचाय.’ घराचा ईएमआय, पोरीची फी... त्यात हे कुठून आलं? घरी येऊन पार्किंगमध्ये वाकलो, मोबाइलचा टॉर्च चाकाच्या फटीतून मारला. पॅडची जाडी चांगली पाच-सहा मिलिमीटर दिसत होती. म्हटलं, बॉस, वर्षभर बघायला नको!

जुलैत पुढचं चाक किरकिरायला लागलं. ऑफिसातला मित्र म्हणाला, ‘पावसाळ्यात ब्रेक वाजतातच रे.’ आपल्याला तरी दुसरं काय ऐकायचं होतं?

श्रावणात अप्पांना त्र्यंबकेश्वरला जायचं होतं. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला प्रचंड गर्दी असते, म्हणून तो टाळून आम्ही एका शनिवारी गेलो. सकाळी लवकर दर्शन झालं. परतताना नेहमीच्या कसाऱ्याऐवजी जव्हारमार्गे जाऊ, मस्त हिरवंगार असतं, ही आयडिया माझी. अप्पा माझ्या शेजारी, आई मागे. अप्पांची 31 वर्षं एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. पण माझ्या गाडीत बसले की ते ड्रायव्हिंगवर एक शब्द बोलत नाहीत.

मोखाड्याकडे उतरणारा घाट लागला. धुकं, ओला रस्ता, पुढे एक भरलेला ट्रक. मी सारखा ब्रेक दाबत होतो. तिसऱ्या वळणावर किरकिर वाढली, चौथ्यावर जळका वास आला. पाचव्यावर पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं आणि गाडी मला हवी होती तिथे थांबली नाही. दोन हात पुढे जाऊन थांबली.

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. अप्पांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर जीव खाऊन दाबलेला होता. तिथे ब्रेक नव्हता. पण पायाला ते कोण सांगणार?

‘दुसऱ्यात टाक,’ एवढंच म्हणाले. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा.’ इंजिननंच गाडी धरली. रुंद जागा बघून बाजूला घेतली.

‘काही झालंय का रे?’ आईनं विचारलं.

‘काही नाही गं, गाडीला जरा विश्रांती.’

अर्धा तास थांबलो. अप्पा म्हणाले, ‘पुढे उतार आहे, मागे चढ. चढाला ब्रेक कमी लागतो. मागे वळव.’ हळूहळू पुन्हा त्र्यंबक.

गावाबाहेरच्या छोट्या गॅरेजात मेकॅनिकनं जॅक लावून चाक काढलं. दोन्ही पॅड माझ्या हातावर ठेवले. बाहेरचा, जो मी टॉर्चनं पाहिला होता, पाच मिलिमीटरचा. आतला जेमतेम एक. ‘साहेब, कॅलिपरची पिन जाम आहे. आतला एकटाच घासतोय. बाहेरून बघून काय कळणार?’

म्हणजे मी तपासणी केली होती. फक्त चुकीच्या बाजूची!

नव्या पॅडचं घासणारं मटेरियल साधारण 10-12 मिलिमीटर असतं. तीनवर आलं की बदलायचं, ते आतल्या-बाहेरच्या पॅडपैकी जो जास्त झिजलाय त्याच्यावरून. आणि दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम, नाहीतर गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. किरकिरीचंही त्यानं समजावलं. पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर रात्रीत तांबूस गंज चढतो, तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. रोज राहणारी किरकिर मात्र बऱ्याचदा पॅडवरच्या पत्रीची असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून ओरडावी म्हणूनच बसवलेली असते. तिचं ऐकलं नाही की पुढचा आवाज घर्रर्र, लोखंडावर लोखंड.

‘मग फक्त पॅड टाका,’ मी शेवटचा प्रयत्न केला. ‘डिस्क राहू दे.’

तो हसला. डिस्कच्या काठाला झिजून उंच कड तयार झाली होती. ती सोडून आतल्या बाजूला त्यानं मोजलं. 18.4. डिस्कवरच कोरलेला किमान जाडीचा आकडा दाखवला. 18. ‘आज चालेल साहेब. पण नवे पॅड संपायच्या आधी डिस्क संपेल. तेव्हा मध्येच पुन्हा खोलणार का?’

इतकं सरळ गणित मला दोन महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर... खरं तर मी विचारलंच नव्हतं. ‘किती उरलंय, दाखवा,’ एवढंच म्हणायचं होतं. आकडा बघून पुढे ढकलणं वेगळं आणि न बघता ढकलणं वेगळं. समजा डिस्क 19.5 असती, खोल चरे नसते, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नसतं, तर नुसत्या पॅडवर भागलं असतं आणि पैसेही वाचले असते!

सामान नाशिकहून, तीसेक किलोमीटरवरून, यायला दुपार झाली. पिन साफ झाल्या, ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं, मग घाटात तापून लवकर उकळतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. सगळ्याचं बिल आमच्या मागच्या गोवा वीकेंडपेक्षा कमी होतं. नव्या पॅडना डिस्कवर बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर जोराचे ब्रेक नकोत, असं त्यानं बजावलं.

संध्याकाळी कसारा घाट. गिअर खालचा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. एका वळणावर न राहवून मी तिरक्या नजरेनं खाली पाहिलं.

अप्पांचा उजवा पाय मॅटवर सैल पडला होता. आणि अप्पा चक्क घोरत होते.