सामानात पीठ नको

जर्मनीतल्या आखेनला शिकायला आले तेव्हा माझं मत ठाम होतं: परदेशात आपलं जेवण टिकवायचं, तर ते सामानातूनच आणायला हवं. मी सोलापूरची. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, काळं तिखट आणि आईने करून दिलेल्या कडक भाकऱ्या सोबत असल्या, की काही बिघडणार नाही असं वाटायचं. तूप तेवढं युरोपीय संघाच्या नियमांमुळे आणता येत नव्हतं, त्याचाही राग होता. इथला काळपट, आंबट पाव मला शिळा वाटे. रात्री गरम काही न करता तोच चीज लावून खाणाऱ्या मैत्रिणींची मनापासून कीव यायची.

ते मत आता उरलेलं नाही, आणि ते त्या पावानेच बदललं.

शेजारच्या खोलीतली मुलगी हा पाव घरी भाजते. एवढा आंबट कशाला, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तो राय नावाच्या धान्याचा असतो. रायच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. आंबवलं नाही तर पाव आतून चिकट राहतो. ज्वारीलाही तो ताण नाही, म्हणून तर आई भाकरीच्या पिठात उकळतं पाणी घालते. ज्वारी आमच्या अवर्षणाच्या रानात तग धरते, राय इथल्या थंड, रेताड जमिनीत. कडक भाकरी टिकावी म्हणून केली जाते. हा पावही कितीतरी दिवस टिकतो. ज्याला मी शिळं म्हणत होते, ते माझ्या घरासारख्याच घरांनी पोटासाठी शोधलेलं शहाणपण होतं.

मग आजीचा विचार मनात आला. तिने उभ्या जन्मात रानात पिकलं तेच रांधलं: ज्वारी, तूर, करडई, जवस. दूर देशाच्या पिठावर तिचं घर कधी चाललं नाही. मी मात्र तिची परंपरा म्हणून दूरच्या पिठावरच घर चालवू पाहत होते.

आता मी इथल्या बाजारातून सुरुवात करते. जवस इथे दुकानोदुकानी मिळतो. भाजून, लसूण नि काळं तिखट घालून त्याची चटणी करते आणि रायच्या पावाला लावते. इथल्या लोकांच्या आवडीच्या नवलकोलाची हरभऱ्याची डाळ घालून भाजी होते. क्वार्क नावाचं इथलं दह्यासारखं मऊ चीज फडक्यात टांगलं की श्रीखंडाचा चक्का तयार. ज्वारीच्या भाकरीची भूक यातल्या कशानेही भागत नाही, तेही मी मान्य करते. ती सुट्टीत घरी गेल्यावर भागवायची.

नव्याने येणारी मुलं सामानाची यादी मागतात. मी सांगते: तवा आणा, काळं तिखट आणा, घरच्यांकडून हातची रीत शिकून या. पीठ आणू नका. आणि पहिल्याच आठवड्यात बाजारात जाऊन भाजीवाल्या बाईंना विचारा, तुमच्या घरी हे कसं करतात?