सावलीच्या मागे आठवडाभर

10 मेची दुपार. गच्चीवर स्टीलचा एक उभट डबा मांडून मी त्याच्याकडे टक लावून बसलो होतो. शेजारच्या अक्का कुरडया उलटायला वर आल्या.

"काय करलालाव ओ अण्णा, भर उन्हात?"

"सावली जायची वाट बघतोय."

ऊन लागलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण 12 वाजून 23 मिनिटांच्या सुमाराला डब्याची सावली आक्रसत आक्रसत बुडाखाली शिरली, तेव्हा अक्काही वाकल्या. "नीड लेदू!" त्यांच्या तोंडून तेलुगूच निघालं. आमच्या गल्लीत सावलीला पद्मशाली नीड म्हणतात, खालच्या मजल्यावरचे कन्नड बिऱ्हाडकरू नेरळु आणि कोपऱ्यावरचे चाचा छांव. त्या मिनिटाला चारही नावांची सावली एकदम नाहीशी झाली. भारतात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला सूर्य असा वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. दिल्लीला हे भाग्य कधीच नाही. सोलापूरला दिल्लीपेक्षा काही जास्त मिळाल्याची एवढीच नोंद माझ्याकडे आहे.

मग नादच लागला. आठवडाभर सावलीखेरीज दुसरं काही वाचलं नाही.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरला मी आजवर रेल्वेच्या खिडकीतूनच बघत आलो. 22 जानेवारी 1898 रोजी चंद्राची सावली या गावावरून गेली, हे मला आता कळलं. खग्रास सूर्यग्रहण! अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल तिथे तंबू ठोकून होते. त्यांच्याबरोबर 40 फूट लांबीचा कॅमेरा होता. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवालाही आपली उपकरणं घेऊन आले होते. हा सगळा संसार जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी! तेवढ्या वेळात सूर्याभोवतीची प्रभा काचेवर उतरवायची, तिच्या उजेडाचा वर्णपट घ्यायचा. एक ढग आडवा आला असता तर समुद्र ओलांडून आणलेलं सगळं फुकट. ढग आला नाही. जेऊरचं आभाळ कोरं करकरीत होतं. पण आभाळ कोरं राहिलं म्हणूनच तर 1896-97 च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला होता. दुर्बिणीमागे उभ्या असलेल्या पाहुण्यांना जे आभाळ हवंहवंसं वाटलं, त्याच आभाळानं कुणब्याची दावण रिकामी केली होती.

तिसरी सावली मात्र आमच्या मुक्कामाला आहे. पर्जन्यछाया. शाळेत हा शब्द मी पाच मार्कांसाठी पाठ केला होता. 'छाया' ऐकलं की गार वाटतं, पण ही छाया चटके देणारी. महाबळेश्वर आमच्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत, जवळपास त्याच अक्षांशावर. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. ढग सह्याद्रीवर पाणी ओतून मोकळे होतात आणि आमच्याकडे ते लग्नघरच्या उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे तोंड दाखवून जातात.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच ढगांना गाठलं. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात त्यांची विमानं सोलापूरच्या आभाळात ढगांच्या बुडाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळत होती. श्रावणात स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ना, तेच तत्त्व. क्षाराचे कण ढगातली वाफ ओढून घेतात, थेंब मोठे होतात, एकमेकांना भिडून जड होतात आणि खाली येतात. मला यातली खरी गंमत वेगळीच वाटली. निवडलेल्या ढगांपैकी काहींवर फवारणी केली आणि काही मुद्दाम तसेच सोडले, तेही चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. नाहीतर 'आम्ही पाडला' म्हणायला कोण मोकळं नाही? 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले: वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सुमारे 18 टक्के जास्त पाऊस. पण ढग मुळात हवाच. कोऱ्या आभाळातून कुणालाच काही पाडता येत नाही. दरवर्षी 'कृत्रिम पाऊस पाडू' अशी घोषणा होते, तेव्हा एवढं वाक्य कुणी बोलत नाही.

आमच्या जुन्या माणसांनी विमानाची वाट पाहिली नव्हती. 1933 मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. त्याही आधीपासून हस्ताचा पाऊस काळ्या मातीत मुरवून, त्याच ओलीवर थंडीत मालदांडी ज्वारी उभी राहत होती. पेरल्यावर थेंब पडला नाही तरी कणीस भरतं. ती भाकरी मी रोज शेंगाचटणीशी खातो आणि इतकी वर्षं तिच्याकडे निव्वळ भाकरी म्हणूनच बघत आलो.

शनिवारी अक्कांनी विचारलं, "पुन्हा कधी जाणार ओ सावली?"

2 ऑगस्टच्या आसपास. त्या दुपारी डबा घेऊन त्याही वर येणार आहेत. आभाळ गच्च भरलेलं असलं आणि काहीच दिसलं नाही, तर आमच्या गल्लीत एकालाही वाईट वाटणार नाही.